बंदी का नको, हे तुम्ही विचारलंत म्हणून

कोल्हापुरात घरकामगार महिलांच्या संघटनेचे काम करताना मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो: आखाती देशांत घरकामाला गेलेल्या बायकांचे इतके हाल होतात, तर सरकार त्यांना पाठवणेच बंद का करत नाही? विचारणारे बहुधा कळकळीने विचारतात, म्हणून मला त्याचे उत्तर नीट द्यावेसे वाटते. बंदी घातली तरी पोटासाठी निघालेली बाई थांबत नाही. तिच्या हातातला कागद तेवढा जातो.

आपल्याच नियमांत हे दिसते. दहावी न झालेल्या बाईचा पासपोर्ट बहुधा ‘ईसीआर’ प्रकारचा असतो, म्हणजे ठरावीक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी तिला सरकारची परवानगी घ्यावी लागते. तिचे वय 30 पेक्षा कमी असेल तर ती परवानगी मिळत नाही, आणि 2016 पासून अशा महिलांची भरती ठरावीक सरकारी संस्थांमार्फतच व्हावी असा दंडक आहे. यामागचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु पर्यटक म्हणून जाणाऱ्याला ही परवानगी लागत नाही आणि दलालाला तेवढी फट पुरते. तो तिला व्हिजिट व्हिसावर नेतो, तिकडे पोहोचल्यावर कामाची कागदपत्रे करतो, आणि मग तिचा पगार किती, तास किती, सुट्टी कधी, याची आपल्या सरकारी दप्तरात कसलीही नोंद राहत नाही. पगार थकला तर तिने दाखवायचे काय? नेपाळने 2017 मध्ये आखातातील घरकामावर बंदी घातली, इंडोनेशियाने 2015 मध्ये मध्यपूर्वेसाठी तसेच केले. तरीही दोन्ही देशांतल्या बायका आडमार्गाने जात राहिल्या, आणि नेपाळच्या अनेकजणी तर भारतातूनच पुढे गेल्या.

तिकडे ‘कफाला’ पद्धतीत मालक हाच व्हिसाचा जामीनदार असतो. त्याच्या परवानगीशिवाय घर सोडले की बाई फरार ठरते, म्हणजे छळाची तक्रार करायला बाहेर पडणारीच कायद्याच्या लेखी दोषी होते. सौदी अरेबियाने 2021 मध्ये नोकरी बदलण्याची मोकळीक दिली, तेव्हा घरकामगारांना त्यातून वगळले. कुवेतच्या 2015 च्या कायद्यात दिवसाला जास्तीत जास्त 12 तास काम, आठवड्याची सुट्टी आणि पगारी रजा आहे. मात्र तो हक्क मागण्यासाठी तिला मालकाचा उंबरठा निर्धोकपणे ओलांडता आला पाहिजे.

हे सारे ज्यांना दूरचे वाटते, त्यांना मी आपल्या जिल्ह्यातला उसाचा फड आठवायला सांगते. बीडकडून येणाऱ्या नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचा एकच घटक, धरला जातो. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, नवऱ्याच्या नावावर, मुकादमाचा हिशेब नवऱ्याशी. ती ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते आणि तरीही स्वतंत्र कामगार म्हणून तिची गणती होत नाही. मात्र तिचे हाल थांबावेत म्हणून तिने येऊच नये, असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही, कारण कारखान्याचा हंगाम तिच्यावाचून चालत नाही. आपण तिची स्वतंत्र नोंद आणि तिच्या हाती मजुरी मागतो. परदेशी जाणाऱ्या बाईसाठी मी नेमके हेच मागते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 मध्ये घरकामगारांसाठी केलेल्या 189 व्या करारात ही मागणी स्पष्ट आहे: देश सोडण्यापूर्वी तिला कामाच्या अटी लेखी मिळाव्यात, त्या अटी जिथे काम करायचे त्या देशात लागू व्हाव्यात, आणि पासपोर्ट स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क तिला असावा. भारताने या कराराच्या बाजूने मत दिले, पण अजून त्याला मान्यता दिलेली नाही. फिलिपिन्सने 2012 मध्ये ती दिली. परदेशी जाणाऱ्या आपल्या घरकामगारांसाठी दरमहा किमान 400 डॉलर पगाराची अट तर त्या देशाने 2006 मध्येच घातली होती. आपल्याकडे 2008 च्या राज्य कायद्याने घरेलू कामगारांना कल्याण मंडळ दिले. कामाचे तास आणि किमान वेतन त्या कायद्याने ठरवले नाही. ताराबाई पार्कातल्या घरात धुणीभांडी करणाऱ्या बाईला जे आपण देत नाही, ते कुवेतकडे मागताना आपला शब्द हलका पडतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

तुमच्या नात्यातली कोणी निघाली असेल, तर तिला अडवण्यात वेळ घालवू नका. नेणारा एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहा. व्हिजिट व्हिसावर कामाला जाऊ नकोस, हे तिला निक्षून सांगा. कराराचा आणि पासपोर्टचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि दूतावासाचा क्रमांक तिच्याकडून पाठ करून घ्या, कारण फोन काढून घेतला जाऊ शकतो.