कमरेला शाळिग्राम, टाचेला फोड

आईचे गुडघे गेल्यापासून तिची वारी बंद आहे. यंदा मी निघालो तेव्हा तिने देव्हाऱ्यातला शाळिग्राम लाल फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. "किती वर्षं त्या ताम्हनात बसलाय. चंद्रभागेत बुडवून आण." लिंबाएवढा दगड. पण कमरेच्या पिशवीत बांधला की दुपारी दोननंतर तो नारळाएवढा होतो.

भवानी पेठेतल्या दोन रात्री मिळून झोप झाली जेमतेम पाच तास. पहाटे निघालो, तर हडपसरपर्यंत पुणं काही सुटेना. केळी, राजगिऱ्याचे लाडू, बिस्किटं, पातळ प्लॅस्टिकचे रेनकोट. देणारा हात एक आणि फोटो काढणारे चार. आमच्या दिंडीपुढे एक पोरगा मोबाइल धरून उलटा चालत होता, वीणेकरीबुवांवर आदळता आदळता वाचला. मी चिडलो, जरा जास्तच चिडलो. मग एकदम आठवला तो रोमचा बादशहा. 218 साली गादीवर बसलेला एलागाबालस, सीरियातल्या एमेसा गावच्या देवाचा पुजारी. देव म्हणजे शंकूसारखा काळा दगड, आकाशातून आलेला मानत. तो रोमला आणून उन्हाळ्यात त्याचा रथ काढायचे, सहा पांढरे घोडे जोडून, आणि देवाकडे पाठ होऊ नये म्हणून बादशहा लगाम धरून रथापुढे उलटा चालायचा. आमचा पोरगा निदान अभंग तरी म्हणत होता.

हडपसरला तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याला लागली, आम्ही माउलींसोबत सासवडकडे. वडकीला भाकरी-पिठलं. त्यानंतर दिवे घाट.

नवे बूट घालून वारीला जाऊ नये, हे मीच दरवर्षी लोकांना सांगतो. नवेच घातले होते. घाटाच्या दुसऱ्या वळणावर उजवी टाच पेटली. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता, नुसता घाम. पुढे 'ज्ञानोबा-तुकाराम' चाललेलं आणि मी पाय घासत, मनात आईवर, बुटांवर, शाळिग्रामावर राग काढत चाललेला. शेवटी कठड्याला टेकलो.

"काहून थांबला, भाऊ?"

डोक्यावर तुळशीवृंदावन, नऊवारीचा काष्टा, साठीच्या पुढची बाई.

"फोड आलाय, मावशी."

"मंग बूट काढ नं."

तिने वृंदावन आधी कठड्यावर टेकवलं, खाली पदर अंथरून. बटव्यातून सुई-दोरा काढला, सुई काडीच्या ज्योतीवर धरली आणि माझी टाच सरळ मांडीवर घेतली. मी पाय ओढायला लागलो तर चापट मारली. फोडातून दोरा ओवून आरपार काढला, दोन्ही टोकं बोटभर ठेवून कापली, म्हणजे पाणी झिरपत राहतं. मग विक्सच्या जुन्या डबीतली हळद-खोबरेल. ते लावता लावता तिचं लक्ष माझ्या कमरेकडे गेलं.

"काय बांधलं हे?"

फडकं सोडलं. तेलकट, पिवळ्या बोटांनीच तिने शाळिग्राम उचलला. मला राहवलं नाही. हा गंडकी नदीतला, हिमालय उठायच्या आधी तिथे समुद्र होता, त्यातल्या शिंपल्याचा दगड झाला, हे चक्र म्हणजे त्या शिंपल्याचेच वेढे, सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचे. हा घाटाचा काळा कातळ साडेसहा कोटींचा, म्हणजे माझ्या कमरेचा देव घाटाच्या दुपटीहून म्हातारा.

"समुद्रातली गोगलगाय व्हय?"

"गोगलगाय नाही, माकुळाच्या कुळातली."

"बरं. पाय नको हालवू."

ती लोणारकडची निघाली. "आमचा मारुती निजेल हाय. त्याच्यापाशी दिशेचा काटा नेला त गरगर फिरते म्हणे. वरून पडलेल्या दगडाचाच हाय तो, सारे म्हणतात." लोणारचं विवर उल्केचं, 1.8 किलोमीटर व्यासाचं, हे मला शिकून माहीत. तिला ते लवणासुराचं भुयार, दैत्यसूदनाने पायाच्या अंगठ्याने झाकण उडवलेलं. 2020 च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं, तेव्हा आघारकर संस्थेने इथे पुण्यात त्या पाण्यातले खाऱ्यात वाढणारे सूक्ष्मजीव शोधून काढले, हे मी सांगितलं. तिला त्या सालचं एवढंच आठवत होतं की पादुका एसटीने गेल्या आणि ती चुलीपाशी बसून रडली.

वृंदावन डोक्यावर चढवून ती निघाली. दिंडीचा नंबर विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. सासवडला तीन-चार तंबूंत विचारलं, लोणारची मावशी म्हटल्यावर लोक हसले.

पुढे जेजुरीचा भंडारा, नीरास्नान, चांदोबाचा लिंब, वाखरी. चंद्रभागेत शाळिग्राम बुडवला तेव्हा मागून इतकी रेटारेटी होती की हातातून सुटतो की काय, याशिवाय मनात काही नव्हतं. कळसाला हात जोडून परत.

घरी आईने चष्मा लावून तो उजेडात धरला.

"हळद कुणी लावली? विष्णूला गंध लावतात."

मी घाटातलं सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. ताम्हनात ठेवला, वर तुळस ठेवली, रोजची पळीभर पाण्याची आंघोळ घातली. चक्राच्या आतल्या वेढ्यात अजून पिवळं आहे.