ज्या गिअरला चढवली, त्याच गिअरला उतरवायची

सुट्टीला साताऱ्यात येऊन चार दिवस झाले आणि चारही दिवस घरात एकच विषय चाललाय, गाडी. आठ महिन्यांपूर्वी आम्ही न्यूझीलंडला गाडी बदलली, त्यामुळे मला त्यातलं फार कळतं असा सगळ्यांचा समज झालाय. मामेभाऊ विचारून झाला, शेजारचे काका विचारून झाले. काल राजवाड्यावर कंदी पेढे घ्यायला गेले तर शाळेतली मैत्रीण भेटली, तिनेही पोराबाळांच्या आधी तेच विचारलं, "हायब्रिड घेतलीस का इलेक्ट्रिक?" एकेकाला सांगून घसा बसला, म्हणून इथेच लिहून टाकते.

विचारलं नाही ते फक्त अण्णांनी, माझ्या वडिलांनी. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, सातारा–बामणोली गाडी त्यांनी बरीच वर्षं काढली. यवतेश्वरचा घाट त्यांना अंधारातही पाठ. मी पहिल्यांदा फोनवर सांगितलं की आम्ही बिनइंजिनाच्या गाडीचा विचार करतोय, तेव्हा त्यांनी किंमत विचारली नाही, अ‍ॅव्हरेज विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "आगं, पर घाट उतरताना गाडी धरणार कोण? इंजिनच न्हाय म्हणतीस."

हा प्रश्न मला तिकडच्या एकाही विक्रेत्याने विचारला नव्हता.

आम्ही राहतो लोअर हटला, वेलिंग्टनजवळ. घर भाड्याचं. नवरा ट्रेनने शहरात जातो, मी हॉस्पिटलमध्ये नर्स, माझ्या शिफ्टा कधी सकाळच्या कधी रात्रीच्या, त्यामुळे गाडी माझी. जाऊन-येऊन २८ किलोमीटर. आधीची गाडी जपानहून आलेली सेकंडहँड टोयोटा अ‍ॅक्वा होती. न्यूझीलंडमध्ये अर्ध्या ओळखीच्यांकडे अशा जपानी गाड्या असतात, आणि त्या सुरू केल्या की जपानी बाई प्रेमाने काहीतरी सांगते. दोन वर्षं मला वाटायचं ती नमस्कार करते. नंतर कळलं, ती रोज "टोलचं कार्ड घातलेलं नाही" अशी तक्रार करत होती.

तर अ‍ॅक्वा थकली आणि शोध सुरू झाला. छोटी क्रॉसओव्हर हवी होती, म्हणजे आपल्या नेक्सॉन-क्रेटाच्या जातीची. किआची नीरो पाहिली आणि तिथेच गोंधळ उडाला, कारण एकच गाडी तीन पोटांची येते. साधी हायब्रिड, प्लग-इन हायब्रिड आणि पूर्ण इलेक्ट्रिक. बाहेरून तिघी सख्ख्या बहिणी.

फरक बॅटरीचा. साध्या हायब्रिडची बॅटरी १.३२ युनिटची, म्हणजे आपल्या न्हाणीघरातला गीझर पाऊण तास चालला की संपेल एवढी वीज. ती भिंतीला लावायची नसतेच. ब्रेक मारताना, उतारावर जी ताकद वाया जाते ती साठवायची आणि सिग्नलवरून निघताना वापरायची, एवढंच तिचं काम. बाकी १.६ लिटरचं पेट्रोल इंजिन ओढतं. प्लग-इनमध्ये तेच इंजिन, पण बॅटरी ११.१ युनिटची आणि ती घरी चार्ज करायची. कागदावर साठ-पासष्ट किलोमीटर पेट्रोलचा थेंब न जाळता जाते, मग इंजिन सुरू. आणि इलेक्ट्रिकची बॅटरी ६४.८ युनिटची, साताऱ्याच्या आमच्या घराचं पंधरा दिवसांचं लाईट बिल त्यात मावेल. कंपनी सांगते ४६० किलोमीटर. थंडीत शंभरच्या वेगाने हायवेला गेलात तर सव्वातीनशे-साडेतीनशे धरून चाला.

आता खर्च. इथे न्यूझीलंडने एक गंमत करून ठेवली आहे. तिकडे पेट्रोलवाले रस्त्याचा कर लिटरमागे पंपावरच भरतात. इलेक्ट्रिकवाले पंपावर जातच नाहीत, म्हणून १ एप्रिल २०२४ पासून त्यांच्याकडून किलोमीटरमागे पैसे घेतात. हजार किलोमीटरला ७६ डॉलर, तेही आगाऊ. मोबाइलला रिचार्ज मारावा तसे पाच-दहा हजार किलोमीटर विकत घ्यायचे आणि त्याचं लेबल काचेवर लावून हिंडायचं. प्लग-इन हायब्रिडला ३८ डॉलर, कारण ती थोडा कर पंपावरही भरते. साध्या हायब्रिडला यातलं काहीच नाही. त्याआधी २०२३ च्या अखेरीस नव्या इलेक्ट्रिक गाडीवरची सात हजार डॉलरची सवलतही बंद झाली होती. दोन थपडा लागोपाठ बसल्यावर विक्री आपटली.

मी वहीत हिशेब मांडला, हजार किलोमीटरचा. पेट्रोल २.६० डॉलर, रात्रीची वीज २० सेंट. साधी हायब्रिड साधारण ४६ लिटर पिते, म्हणजे १२० डॉलर. इलेक्ट्रिकला १६० युनिट, म्हणजे ३२ डॉलर, अधिक कर ७६, झाले १०८. एवढा गाजावाजा करून हजार किलोमीटरला बारा डॉलरची बचत! आणि तीच इलेक्ट्रिक रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर ८५ सेंटने भरली तर २१२. हायब्रिडच्या जवळपास पावणेदोन पट. प्लग-इन मात्र, हजारातले आठशे किलोमीटर विजेवर काढले तर, ९१ डॉलरवर आली. सगळ्यात स्वस्त.

नवऱ्याने वही बंद केली आणि म्हणाला, "झालं. प्लग-इन."

माझा जीव तयार होईना. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं काहीसं वाटत होतं. २८ किलोमीटरच्या माझ्या रोजच्या फेरीत इंजिन लागणारच नाही, पण त्याचं ऑइल, फिल्टर, कूलंट सगळं वेळेवर करायचं, आणि वर रोज वायरही लावायची. शिवाय हिशेबातले ते आठशे किलोमीटर विजेवर जातात ते रोज न चुकता वायर लावली तरच. रात्री साडेअकराला पाय दुखत घरी आल्यावर, पाऊस आडवा मारत असताना (वेलिंग्टनचा पाऊस सरळ पडत नाही), लोक वायर लावत नाहीत. दोन दिवस नाही लावली तर इलेक्ट्रिकला काही फरक पडत नाही. प्लग-इनचं मात्र तिसऱ्या दिवशी जड पेट्रोल गाडीत रूपांतर होतं.

पण खरा निकाल डिकीने लावला. आई-अण्णा तिकडे येणार होते. दोघांच्या मिळून तेवीस-तेवीस किलोच्या चार बॅगा, त्यातल्या एकीत निम्मा कांदा-लसूण मसाला, जो विमानतळावर सगळा उघडून दाखवावा लागणार होता. इलेक्ट्रिकची डिकी ४७५ लिटरची, साध्या हायब्रिडची ४५१, आणि प्लग-इनची ३४८, कारण तिथे बॅटरीने पोट भरलेलं. मी शोरूमला जाताना घरातल्या दोन रिकाम्या बॅगा बरोबर घेऊन गेले. विक्रेता हसला, पण बॅगा भरून पाहू दिल्या. प्लग-इनमध्ये दुसरी बॅग आडवी ठेवली की दार लागेना. नवऱ्याने बॅगेला दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि वहीचा विषय पुन्हा निघाला नाही.

राहिल्या दोन. भाड्याच्या घरात इलेक्ट्रिक कशी, असं मला सगळ्यांनी घाबरवलं होतं. घरमालक भिंतीवर मोठा चार्जर बसवू देणार नव्हता, तेही खरं. पण साध्या तीन पिनच्या सॉकेटमधून दहा तासांत सतरा-अठरा युनिट जातात, म्हणजे शंभर किलोमीटर. मला रोज अठ्ठावीस लागतात! उगाच घाबरले होते. तिकडे एका वीज कंपनीच्या योजनेत रात्री नऊ ते बारा वीज फुकट असते. ती घेतली. दुपारी शिफ्ट संपली असेल त्या दिवशी माझी उद्याची फेरी फुकटात होते. रात्री अकराला सुटले तर हातात अर्धा तास उरतो, तेव्हा मी चौकात उभी राहून लाल सिग्नलला शिव्या देते.

किंमत हा अडसर असता, नव्या इलेक्ट्रिकला हात लागत नव्हता. पण विक्री आपटल्यामुळे वापरलेल्या इलेक्ट्रिकचे भाव धाडकन खाली आले होते. दोन वर्षं वापरलेली एक आम्हाला हायब्रिडच्या भावात मिळाली. घेतली.

पस्तावले का? एकदा. ईस्टरच्या सुट्टीत टाउपोला निघालो, ३७० किलोमीटर. वाटेत एका गावात थांबलो तर दोनपैकी एक चार्जर बंद, दुसऱ्यावर पुढे तीन गाड्या. थंडीत दीड तास. शेजारच्या पंपावर एक अ‍ॅक्वा आली, चार मिनिटांत पेट्रोल भरून गेली. तिच्यातली जपानी बाई मला वेडावून गेली असं वाटलं. महिन्याला दोनदा असा प्रवास असता तर मी हायब्रिडच घेतली असती. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, गाडी रस्त्यावर लावणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी तीच घ्यायला लावली.

आणि अण्णांचा प्रश्न? तो अ‍ॅक्वानेच अर्धा सोडवला होता. आमच्याकडून वायरारापाकडे जाताना रेमुटाका नावाचा घाट लागतो, माथा ५५५ मीटर, वळणं खंबाटकीची आठवण यावी अशी. अ‍ॅक्वाने उतरताना निम्म्या घाटातच तिची चिमुकली बॅटरी भरायची आणि मग गाडी धरायला इंजिन मोठ्याने घुमायला लागायचं. नीरोत पोट मोठं, त्यामुळे खालपर्यंत मोटरच जनित्र होऊन गाडी धरते, आवाज नाही, ब्रेक तापत नाहीत. फक्त बॅटरी शंभर टक्के भरून माथ्यावरून निघू नये, कारण भरलेल्या हंड्यात पाणी ओतता येत नाही.

आता साताऱ्याचं. इथे या आकारात प्लग-इन मिळतच नाही, तेव्हा डोक्याचा एक ताप कमी. स्ट्राँग हायब्रिड (म्हणजे वरची साधी हायब्रिडच) आहे, ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर, कंपनीचा आकडा लिटरला २७.९७. पण चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे आणि इलेक्ट्रिकवर ५. सरकारला काय हवंय ते यात आलं. इथे किलोमीटरचा रिचार्जही नाही आणि पेट्रोल शंभरीच्या वर, म्हणून माझ्या वहीतला बारा डॉलरचा फरक इथे पार बदलतो. इलेक्ट्रिकचं पारडं खूपच जड होतं. पर्यावरणाचं मात्र सांगताना मी आवाज जरा खाली घेते. तिकडची ऐंशी टक्क्यांहून जास्त वीज पाणी, वारा आणि जमिनीतल्या वाफेची. आपल्या जिल्ह्यात कोयना आहे, चाळकेवाडीला पवनचक्क्या आहेत, पण देशाची बरीचशी वीज अजून कोळशाचीच.

शेजारच्या काकांची अडचण वेगळीच. त्यांचा मुलगा शाहूपुरीत फ्लॅटमध्ये राहतो आणि सोसायटी पार्किंगमध्ये मीटर बसवू देत नाही. कमिटीतल्या एकाचं म्हणणं, आज याला दिला तर उद्या सगळे मागतील. (मागतीलच की!) त्याला मी स्पष्ट सांगितलं, आधी मीटर, मग बुकिंग. मीटर नसेल तर हायब्रिड घे आणि गप्प बस. मामेभावाचं गोडोलीला स्वतःचं घर आहे, दारात सॉकेट, त्याने माझी वाट न बघता आधीच नेक्सॉन इलेक्ट्रिक आणली होती. मला फक्त "बरोबर केलंस" असं म्हणायला बोलावलं होतं.

तीच घेऊन परवा आम्ही कासला गेलो. येताना यवतेश्वरला अण्णांनी हात पुढे केला, "आन हिकडं." मामेभावाने निमूट जागा दिली. मी त्यांना स्टिअरिंगमागची कळ दाखवली, ओढली की धरण्याचा जोर वाढतो. त्यांनी ती सगळ्यात वरच्या पायरीवर नेली. "ज्या गिअरला चढवली त्याच गिअरला उतरवायची," हे लहानपणी शंभरदा ऐकलेलं वाक्य पुटपुटले आणि ब्रेकवरचा पाय उचलून घेतला. गाडी धरून, मुकाट, वळणं घेत खाली येऊ लागली. समोर सातारा, अजिंक्यतारा. अण्णांचं लक्ष मात्र बॅटरीच्या टक्क्यांच्या आकड्यावर. माथ्यावर ६१ होता. पायथ्याच्या अलीकडे ६२ झाला.

"डिझेल वाढलं," ते म्हणाले.

मागून आई म्हणाली, "पुढं बघा."

"धरतीया की गं," अण्णा म्हणाले, आणि शेवटच्या वळणावर त्यांचा डावा पाय सवयीने उचलला जाऊन नसलेल्या क्लचवर दाबला गेला.