मांडवा ते मुरूड पुळणीवरून: वाटेतली आणि परतल्यावरची सायकल-दुरुस्ती

मार्ग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (वाहनंही नेणारी बोट), मांडवा, किहीम, अलिबाग, आक्षी-नागाव, रेवदंडा, कोर्लई, बोर्ली, काशीद, मुरूड. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत. एका बाजूचं अंतर साधारण सत्तर किलोमीटर, आणि बोर्लीच्या पुढचे चढ सोडले तर पाय मोडतील असं काही नाही. आम्ही ही वाट माउंटन बाइकवर केली, जिथे जमेल तिथे डांबर सोडून ओहोटीच्या ओल्या पुळणीवरून. गटात तीन प्रकारच्या सायकली होत्या: एक ट्यूबलेस टायर (आत ट्यूब नसलेला) आणि हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने चालणाऱ्या) ब्रेकची, एक ट्यूबवाली पण हायड्रॉलिक, आणि एक जुनी, केबलच्या डिस्क ब्रेकची, छर्ऱ्यांच्या हबची (हब म्हणजे चाकाचा मधला भाग). त्यामुळे कुठला भाग खाऱ्या वाळूत कसा वागतो ते शेजारी शेजारी बघायला मिळालं.

दमायला होतं ते चढांवर, पण सायकलीचं आयुष्य कमी होतं ते परत आल्यावर, बाल्कनीत. समुद्राचं मीठ वाळलं म्हणजे निरुपद्रवी झालं, असं नाही. साधं मीठ हवेतली आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून पुन्हा ओलं होतं, आणि समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियमचे क्षार तर त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओलसर राहतात. मुंबईत वर्षातले बरेच महिने रात्रीची हवा तेवढी दमट असतेच. म्हणजे सायकल कोरड्या फडक्याने पुसून ठेवली, तर ती रोज रात्री नव्याने खाऱ्या पाण्यात भिजते. चेनवर दुसऱ्या दिवशी तांबूस झाक येते ती यामुळे.

निघण्यापूर्वी फार काही करायचं नाही, पण चेन मोजायचीच. पट्टी पिनच्या मध्यावर धरून 24 कड्या मोजल्या की नवी चेन 304.8 मिमी भरते. 11 किंवा 12 गिअरच्या सायकलीला 306.3 मिमी झाली की चेन बदलायची. 9-10 गिअरला 307 पर्यंत चालवून घेता येते. झिजलेली चेन वाळूत गेली तर कॅसेटचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचे) दात सोबत घेऊन जाते आणि मग खर्च कितीतरी पट. दुसरं म्हणजे सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) काढून ग्रीस लावायचं. ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये खाऱ्या पाण्यासह वर्षभर राहिला की दोन धातू एकमेकांना असे धरतात की शेवटी करवत आणावी लागते. पेडलच्या आट्यांनाही ग्रीस. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दरवेळी कोणीतरी पाना उलटा फिरवतोच.

रो-रोवर सायकल ढकलत सरळ वाहनांच्या डेकवर नेता येते. हार्बर लाइनने येणाऱ्यांना डॉकयार्ड रोड स्टेशन जवळचं. प्रवास तासाभराचा, पण डेक हलतो, आणि सायकली एकमेकींवर टेकवलेल्या असतात. इथे एक नियम: सायकल उजव्या बाजूवर टेकवायची नाही आणि तिच्या उजव्या बाजूला दुसरी सायकलही नको. मागचा डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तिथे असतो, आणि तो ज्यावर लटकतो तो हँगर मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा केलेला असतो, फ्रेम वाचावी म्हणून. एका सायकलीच्या हँगरला डेकवर दुसऱ्या सायकलीचा हँडल लागला. जेट्टीवर उतरल्यावर मधले गिअर नीट लागत होते, पण सगळ्यात मोठ्या चकतीवर नेलं की डिरेल्युअर चाकाच्या तारांना घासत होता.

अशा वेळी लिमिट स्क्रू (डिरेल्युअर किती आत-बाहेर जाईल ते ठरवणारा) फिरवायचा मोह होतो. तो आवरायचा, कारण स्क्रूला काही झालेलं नसतं. सायकलीच्या मागे उभं राहून बघायचं: डिरेल्युअरच्या दोन छोट्या चाकांमधून जाणारी रेघ कॅसेटच्या चकत्यांना समांतर आहे का? खालचं टोक आत, तारांकडे झुकलेलं दिसलं तर हँगर वाकलाय. चाक जागेवर ठेवूनच डिरेल्युअरच्या मुख्य बोल्टमध्ये 5 मिमीची ॲलन की घालायची, दुसऱ्या हाताने डिरेल्युअरच्या धडाला आधार द्यायचा आणि हळूहळू बाहेर ओढायचं. झटका नको. ॲल्युमिनियम एकदा सरळ होतं, दुसऱ्यांदा बहुधा तुटतं. त्यामुळे घरी आल्यावर हँगर बदलायचाच. फ्रेमच्या मॉडेलप्रमाणे हँगरचा आकार वेगळा असतो आणि वाटेतल्या दुकानात तो मिळण्याची आशा ठेवू नये. एक जास्तीचा हँगर सीटखालच्या पिशवीत कायम असू द्या, वजनाला काहीच नसतो.

पुळणीवर उतरायचं ते भरती-ओहोटीची वेळ बघून. ओहोटीच्या आधी दीड-दोन तास आणि नंतर तेवढेच, एवढ्या वेळात ओल्या वाळूचा घट्ट पट्टा मिळतो. आक्षी-नागावची पुळण त्यासाठी उत्तम. वरची कोरडी भुसभुशीत वाळू टाळायची. डांबरावर 32-35 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा असलेला 29 इंची, सव्वादोन इंच रुंदीचा टायर पुळणीवर चर पाडत जातो. ट्यूबलेसमध्ये 18-20 पर्यंत उतरवली की तोच टायर वर तरंगतो. ट्यूब असेल तर 25 च्या खाली जाऊ नये, दगडावर ट्यूब दोन जागी चिमटून साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. आणि पुळण संपली की हवा पुन्हा भरायची. रेवदंड्याच्या पुढे खड्डे आहेत, 18 पीएसआयवर तिथे रिमच वाकेल.

पाण्याच्या कडेने जाताना लाटेत चाक घालणं फोटोपुरतं ठीक. हबच्या एक्सलपर्यंत पाणी आलं तर बेअरिंगच्या सीलना ते थोपवता येत नाही, विशेषतः उन्हात तापलेला हब गार पाण्यात गेला तर. आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं.

चेनवर कुठलं ऑइल, यावर गटात दोन पक्ष होते आणि निकाल पुरेसा स्पष्ट लागला. मेणाचं, म्हणजे ड्राय वॅक्स लावलेल्या चेनला वाळू चिकटली नाही, नागावपर्यंत ती जवळजवळ स्वच्छ होती. जाड वेट ल्यूब, म्हणजे ओलसर राहणारं तेल, लावलेल्या चेनवर तेवढ्याच अंतरात करडी पेस्ट जमली होती, आणि ती पेस्ट म्हणजे घासायची पावडरच. मात्र मेण पाण्याने लवकर जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेणवाली चेन कोरडी कुरकुरत होती आणि तिला पुन्हा ल्यूब लावावं लागलं. म्हणून: पुळणीसाठी मेण, सोबत छोटी बाटली. पावसाळ्यात डांबरावरून जाणार असाल तर वेट. साधा डब्ल्यूडी-40 चा फवारा हे चेनचं ऑइल नव्हे. तो असलेलं ऑइल धुऊन काढतो आणि स्वतः थोड्याच वेळात उडून जातो.

साळावचा पूल ओलांडून कोर्लईच्या पुढे चढ-उतार सुरू झाले की ब्रेक बोलायला लागतात. डिस्क आणि पॅडमध्ये वाळू असताना करकर आवाज येतो. तो जाईल म्हणून सारखा ब्रेक दाबत राहिलं तर डिस्कवर चरे उमटतात. थांबून पिण्याच्या पाण्याच्या बाटलीने कॅलिपरमध्ये (ब्रेकचे पॅड धरणाऱ्या भागात) गोडं पाणी सोडायचं, चाक हाताने फिरवायचं, मग निघायचं. केबलवाल्या ब्रेकची लिव्हर काशीदपर्यंत हँडलला टेकायला लागली होती. त्यात पॅड झिजले की वाढलेली मोकळीक आपोआप भरून निघत नाही, ते हाताने करावं लागतं. कॅलिपरच्या आतल्या बाजूचा गोल नॉब एक-एक क्लिक घट्ट करत जायचं, आतला पॅड डिस्कला जेमतेम न लागेल इथवर, आणि मग केबलचा बॅरल ॲडजस्टर (केबलचा ताण बदलणारा स्क्रू). नुसतीच केबल ताणली तर बाहेरचा पॅड डिस्कला ढकलून वाकवतो.

वाळूत रेझिनचे पॅड फार भराभर जातात. मेटलचे टिकतात, पण डिस्कवर फक्त रेझिन पॅडसाठी असल्याची खूण असेल तर मेटल लावू नयेत. मऊ डिस्क कापली जाते. पॅडचा मसाला 0.5 मिमी उरला की बदलायचे.

मुरूडला मुक्कामाच्या जागी बादली आणि मग मागून घ्यावेत. प्रेशरचा पाइप नको, तो मीठ धुण्याऐवजी बेअरिंगच्या आत ढकलतो. वरून खाली, मगाने, भरपूर गोडं पाणी. सीटपोस्ट आणि फ्रेमचा सांधा, हेडसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या) खालची रिंग, तारांची निपल्स, डिस्कचे बोल्ट, फोर्कच्या नळ्यांवरची सीलची कड, या जागी जास्त. मग फडकं, मग चेनला ल्यूब. अर्ध्या तासाचं काम आहे आणि जेवणाआधी करायचं. जेवणानंतर कोणी करत नाही.

मुंबईला परतल्यावर खरी बैठक. चेन क्विक लिंकवर (उघडता येणाऱ्या कडीवर) सोडवून झाकणाच्या बरणीत डिझेलमध्ये हलवायची, डिझेल काळं झालं की बदलून पुन्हा. मग साबणाचं पाणी, गोडं पाणी, पूर्ण वाळवणं, आणि प्रत्येक रोलरवर एक थेंब. बाहेरून पुसून रात्रभर ठेवायची. 12 गिअरच्या बऱ्याच क्विक लिंक एकदाच वापरायच्या असतात, नवी लिंक आधीच आणून ठेवा.

गिअरची केबल बघायची ती मागच्या डिरेल्युअरपाशी, जिथे आवरणाचा शेवटचा तुकडा खाली वाकतो. पाणी तिथे साचतं. लक्षण नेमकं आहे: मोठ्या चकतीवर गिअर झटकन चढतो, पण लहान चकतीकडे उतरताना अडतो. चढताना बोटाचा जोर असतो, उतरताना फक्त स्प्रिंगचा, आणि गंजलेल्या केबलपुढे स्प्रिंग हरते. बॅरल कितीही फिरवलात तरी हे जाणार नाही. 1.2 मिमीची स्टेनलेस केबल आणि 4 मिमीच्या आवरणाचा तेवढा तुकडा बदलायचा.

हायड्रॉलिक कॅलिपरचे पॅड काढून पिस्टनच्या कडा कापसाच्या काडीने पुसायच्या. शिमानो कंपनीच्या ब्रेकना मिनरल ऑइल लागतं, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट (ब्रेक फ्लुइडचा दुसरा प्रकार). एकाचं दुसऱ्यात गेलं तर सील फुगतात किंवा सडतात, म्हणून लिव्हरच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय बाटली उघडू नये. पिस्टन आत ढकलायला प्लॅस्टिकचा टायर लिव्हर घ्यायचा, स्क्रू-ड्रायव्हर नको. आणि चाक काढलेलं असताना ब्रेक दाबायचा नाही. घरात लहान मुलं असतील तर पॅडच्या जागी पुठ्ठ्याची घडी घालून ठेवा.

आता हब. चाक उचलून रिम आडवी हलवा. टकटक जाणवली तर बेअरिंग सैल. मग चाक फिरवून दुसरा हात फ्रेमवर ठेवा. वाळू गेलेलं बेअरिंग कानाला कळायच्या आधी तळहाताला कळतं, बारीक खरखर येते. जुन्या सायकलीच्या छर्ऱ्यांच्या हबमध्ये शिमानोला मागे दर बाजूला पाव इंचाचे 9, पुढे 3/16 इंचाचे 10 छर्रे असतात. मोजून काढा, कारण एखादा ग्रीससकट फरशीवर निसटतोच. कोनवर (छर्रे ज्यावर फिरतात त्या शंकूवर) खड्डे दिसले तर नुसते छर्रे बदलून उपयोग नाही, कोनही बदलायचा. बसवताना क्विक रिलीज (चाक आवळायची लिव्हर) घट्ट करण्याआधी किंचित ढिल ठेवायची, क्विक रिलीज एक्सल दाबून ती भरून काढतो.

सीलबंद बेअरिंग असेल तर त्याच्या रबरावर आकडा असतो: 6902, 6803 वगैरे. 6902 म्हणजे 15 बाय 28 बाय 7 मिमी, 6803 म्हणजे 17 बाय 26 बाय 5. हे आकडे लिहून घेऊन नागदेवी स्ट्रीटला जायचं. यंत्रसामानाच्या दुकानांत हीच बेअरिंग मिळतात, सायकलचं नाव सांगायचीही गरज नाही. आकड्यापुढे 2आरएस असलेलंच मागा, म्हणजे दोन्ही बाजूंना रबर. झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण, ते धूळ अडवतं, पाणी नाही. दुकानदार दोन्ही सारखंच म्हणून देतो, हातात घेऊन बघा. तिथूनच एक आट्यांचा रॉड, दोन नट आणि बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगएवढे जाड वॉशर घ्या: घरगुती प्रेस तयार. दाब बाहेरच्या रिंगवरच पडला पाहिजे. आतल्या रिंगवर दाबून बसवलेलं नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी खरखरतं.

बेअरिंग अजून चांगलं असेल तर कटरच्या टोकाने रबर आतल्या कडेने उचला, डिझेलने धुवा, वाळवा, पाण्यात टिकणारं ग्रीस पाऊण भाग भरा, रबर दाबून बसवा.

बॉटम ब्रॅकेटला (क्रँक ज्यावर फिरतात त्या बेअरिंगला) शक्यतो हात लावू नका, क्रँक (पेडलचा दांडा) आडवा हलवून ढिल जाणवली तरच. काढायचाच तर लक्षात ठेवा की आट्यांच्या बीएसए (एक प्रमाणित माप) फ्रेममध्ये उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. शिमानोच्या दोन बोल्टच्या क्रँकला 12-14 न्यूटन मीटर, दोन्ही बोल्ट आळीपाळीने.

ट्यूबलेसचं सीलंट (भोकं बुजवणारा द्रव) मुंबईच्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत वाळतं. चाक कानाशी हलवून आत द्रवाचा आवाज येत नसेल तर व्हॉल्व्हचा कोअर काढून 60 मिली घाला, पूर्ण वाळलं असेल तर सव्वादोन इंची टायरला 100 मिली. आठवड्याने सगळे बोल्ट पुन्हा एकदा बघा. डिस्कच्या किंवा स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या भागाच्या) बोल्टच्या डोक्यात तांबूस ठिपका दिसला तर तिथलं मीठ धुतलं गेलेलं नाही, तो बोल्ट काढून, धुऊन, पुसून परत लावायचा. स्टेमच्या बोल्टला आट्यांवर थोडं ग्रीस. डिस्कच्या बोल्टला ग्रीस नको, तिथे निळा थ्रेडलॉकर (आटे सैल न होऊ देणारा गोंद).