पुन्हा अढीत

"तू थंय नेमका काय करतंस?" हा काकांचा प्रश्न गेली पाच वर्षं मी फोनवर टोलवत आले. ह्या मे महिन्यात देवगडला घरी गेले, तेव्हा मात्र पळायला जागा नव्हती. आंबे पिकवायला गवतात अढी घातलेली होती. काका गवत सारून एकेक आंबा हातात घ्यायचे, वास घ्यायचे, देठाशी अंगठा लावायचे. तयार तो टोपलीत, कच्चा परत गवतात, नासका गुरांपुढे.

"काका, मी हेच बघते. माणसाच्या पेशीत."

प्रथिन आधी नुसती लांब साखळी असते, नीट घडी पडली तरच कामाची. पेशीबाहेर किंवा पेशीच्या आवरणावर जाणाऱ्या बहुतेक प्रथिनांना, साखळी अजून विणली जात असतानाच, 14 साखरांचा तयार झुपका चिकटतो. त्याच्या एका टोकाला 3 ग्लुकोज असतात. दोन लगेच छाटले जातात. तिसऱ्याला धरून कॅल्नेक्सिन नावाचं प्रथिन घडीला मदत करतं. मग तोही निघतो आणि तपासनीस येतो. त्याचं नाव यूजीजीटी (पूर्ण नाव सांगितलं तर आंबे नासतील). घडी चुकलेली दिसली की तो एक ग्लुकोज परत चिकटवतो. म्हणजे पुन्हा अढीत. फारच रेंगाळलं तर झुपक्यातल्या मॅनोज नावाच्या साखरा छाटल्या जातात आणि प्रथिन मोडीत निघतं.

"तुमचो तपासनीस कापून बघता?"

"नाही, बाहेरूनच. जो भाग आत दडायला हवा तो उघडा राहिला की त्याला कळतं."

"मगे साको कसो कळतलो?"

हापूसचा साका, म्हणजे आतून बिघडलेला गर, बाहेरून कोणालाच कळत नाही, आणि शिव्या काका खातात. पेशीचं दुखणं बरेचदा उलटं असतं: ती फार कडक. सिस्टिक फायब्रोसिस ह्या आजारात सीएफटीआर प्रथिनाच्या 1480 दुव्यांपैकी 508वा गळालेला असतो, निदान बहुतेक रुग्णांत. तरी ते थोडंफार काम करू शकलं असतं. पण पेशी त्याला आवरणापर्यंत पोचूच देत नाही. डाग पडलेला गोड आंबा फेकावा तसं. 2019 साली अमेरिकेत मंजूर झालेलं तीन औषधांचं मिश्रण ह्याच जागी मदत करतं: त्यातली दोन घडी सावरतात, तिसरं आवरणावर पोचलेल्याला कामाला लावतं.

प्रयोगशाळेत आम्ही ह्या पेशी 37ऐवजी 27 अंशांना ठेवतो. गारव्यात थोडी प्रथिनं तपासणीतून सुटतात. हे ऐकून काका पहिल्यांदा खूश झाले. "गारव्यात आंबो पण सावकाश पिकता," म्हणाले. कारण अगदी वेगळं आहे, पण मी वाद घातला नाही.

परतल्यावर पहिलाच जेल (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पट्ट्यांत दाखवणारा) बिघडला. पूर्ण साखरा चढलेल्या प्रथिनाची वरची पट्टी आलीच नाही, फक्त खालची, अर्धवट. फोटो काकांना पाठवला. रात्री उत्तर आलं: "अजून दोन दिस ठेव."

पेशी दोन दिवस जास्त ठेवल्या तर मरतात, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.