टालर, महिना सातवा: कड आधी, चेहरा नंतर

मागच्या खेपेला लिहिलं होतं की सॅक्सनीचा एक टालर (जुन्या जर्मन राज्यांचं चांदीचं मोठं नाणं) घेतल्याशिवाय हार्त्सच्या डोंगराळ खाणभागातल्या नाण्यांकडे वळणार नाही. घेतला. योहान गेओर्ग पहिला, 1628, ड्रेस्डेन. चित बाजूला खांद्यावर तलवार टेकवलेला इलेक्टर (म्हणजे सॅक्सनीचा राज्यकर्ता योहान गेओर्गच), पट बाजूला ढालींची आणि शिरस्त्राणांची दाटी. एच आणि आय ही टांकसाळप्रमुख हान्स याकोबची अक्षरं.

सोनाराच्या काट्यावर ठेवला तर 28.6 ग्रॅम! जर्मन साम्राज्याच्या 1566 च्या नाणेविषयक ठरावाप्रमाणे कोलोनच्या एका मार्कभर (सुमारे 233.86 ग्रॅम) शुद्ध चांदीत 9 राइशटालर (साम्राज्याचे प्रमाण टालर) पाडायचे, म्हणजे एका नाण्यात सुमारे 25.98 ग्रॅम शुद्ध चांदी, आणि तांब्याची भर धरून नाण्याचं वजन 29.23 ग्रॅम. झीज म्हणावी तर दाढीचे केस अजून सुटे मोजता येतात. मग भिंग घेऊन कड फिरवली. बरोबर डोक्याच्या वर, घड्याळात बारा वाजतात तिथे, कानशीने घासल्याचे बारीक आडवे ओरखडे, आणि लेखातली दोन अक्षरं खालून चपटी. कधीतरी इथे कडी डाकलेली होती, नंतर कोणीतरी ती काढून जागा सारखी केली. आपल्याकडे पुतळ्या आणि राणीछाप रुपये गळ्यात आले, तसेच तिकडे टालर साखळीला लागले. विक्रेत्याच्या फोटोत नेमकी तीच कड होल्डरच्या चिमट्याखाली होती. योगायोग म्हणू या! परत नाही केला; चेहरा आवडला.

दुसरी भर मनासारखी झाली: 1690 च्या दशकातलं ब्राउनश्वाइग-ल्यूनेबुर्गचं 24 मारियनग्रोशेन. 36 मारियनग्रोशेनचा एक टालर, म्हणून हे दोन-तृतीयांश. झाड धरून उभा असलेला अंगभर केसाळ ‘रानमाणूस’ आणि ‘फाइन सिल्बर’ हा लेख. हार्त्सच्या खाणीतली जवळजवळ निर्भेळ चांदी. काट्यावर 13 ग्रॅमच्या आसपास, आणि मऊ दिसणारी चकाकी. टालरच्या निम्म्याहून कमी किमतीत हे मिळतं, नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत.

तिसरं नाणं काळवंडलेलं, तांबूस आणि पातळ, 1621 च्या सुमाराचं. ‘किपर उंड विपर’ काळातली ही नाणी. जड नाणी तराजूवर पारखून वेगळी काढायची, वितळवायची, आणि तांब्याची भर घातलेली सुटी नाणी बाजारात सोडायची, हा धंदा 1619 ते 1623 जोरात चालला. ‘विपर’ हे नावच तराजूच्या हेलकाव्यावरून आलंय. माझ्या काट्यावर ते एक ग्रॅमही भरलं नाही. अल्बममध्ये मुद्दाम टालरच्या शेजारी लावलंय.