जुलाबाची तक्रार आणि 86 सॅच्युरेशन

2020 ची पहिली लाट. कॅज्युअल्टीच्या दारातच टेबल लावलेलं, पेशंट आला की तिथे आधी फॉर्म भरायचा. ताप आहे का, खोकला आहे का, दम लागतो का, घरात कुणी पॉझिटिव्ह आहे का. यातलं एक जरी हो असेल तर उजवीकडे कोविड वॉर्ड, सगळं नाही असेल तर डावीकडे साधा विभाग. त्या दिवशी एक काका आले, साठीच्या आसपासचे, बरीच वर्षं डायबेटिस, सोबत बायको आणि मुलगा. तक्रार एकच, पोट बिघडलंय. तीन दिवस जुलाब, अन्न समोर आलं की मळमळ, दोनतीन उलट्या, आणि वरच्या पोटात उजवीकडे दुखतंय. खोकला? नाही. दम? अजिबात नाही. ताप? पहिल्या दिवशी थोडी कणकण होती, आता नाही. फॉर्मवर सगळीकडे नाही नाही आणि पेशंट डावीकडे, गॅस्ट्रो म्हणून.

आमच्या सीनियर सिस्टरांची एक सवय होती, फॉर्मवर काहीही लिहिलेलं असो, पेशंट कॉटवर टेकला की बोटाला ऑक्सिमीटर लागणारच. त्यांनी मला हाक मारली, "डॉक्टर, जरा हे बघा." आकडा 86, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण (सॅच्युरेशन) फक्त 86 टक्के.

पहिला विचार काय येणार, तर बोट गार असेल. जुलाबाने पाणी कमी झालं की हातपाय गार पडतात आणि मशीन चुकीचं दाखवतं, हे नेहमीचंच. बोट चोळून गरम केलं, दुसऱ्या हाताला लावलं, मशीन बदललं. 87. आणि काका माझ्याशी पूर्ण वाक्यात बोलतायत, मध्ये कुठेही न अडखळता, "डॉक्टर, मला तेवढी सलाईन लावा, पोट थांबलं की मी घरी जातो." मी घड्याळ समोर धरून अख्खा एक मिनिट श्वास मोजले (पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, अशा वेळी त्याने फसायला होतं). 30. निवांत बसलेल्या माणसाचे साधारण 12 ते 20 असतात. म्हणजे शरीर धापा टाकतंय आणि माणसाला त्याचा पत्ताच नाही. हा प्रकार तेव्हा ऐकून माहीत होता, पण पोटाची तक्रार घेऊन आलेल्या माणसात तो असा समोर बघणं वेगळं असतं.

आता डायबेटिसच्या पेशंटला उलट्या होत असतील आणि श्वास जोरात चालत असेल तर डोक्यात आधी कीटोअॅसिडोसिस यायला हवं, आणि ते आलंही. रक्तात आम्ल साठलं की शरीर ते श्वासावाटे बाहेर टाकायला बघतं, म्हणून श्वास वाढतो. लगेच शुगर बघितली, कीटोन (हे आम्ल साठल्याची खूण) बघितले. शुगर वाढलेली होती पण कीटोन नावालाच. आणि नुसत्या अॅसिडोसिसने श्वास वाढला तरी सॅच्युरेशन खाली येत नाही, ते आलंय म्हणजे गडबड फुफ्फुसात. पाठीला स्टेथो लावला तर दोन्ही बाजूंना अगदी तळाशी बारीक चरचर. ताबडतोब ऑक्सिजन लावला, मास्कवर 94 पर्यंत आले, आणि काकांना उजवीकडे हलवलं.

सर्जन पोट बघायला आले, वर उजवीकडे दाबलं की दुखत होतं म्हणून त्यांना पित्ताशय आणि स्वादुपिंड बघायचं होतं, त्यांनी पोटाचा सीटी सांगितला, मी त्यात छाती जोडली. थोड्या वेळाने रेडिओलॉजिस्टचा फोन. पोट स्वच्छ आहे, पित्ताशय ठीक, स्वादुपिंड ठीक, आतडं ठीक, पण दोन्ही फुफ्फुसांच्या खालच्या भागात कडेकडेने धूसर काचेसारखे पॅच आहेत. आणि मग त्या म्हणाल्या की तुम्ही फक्त पोटाचा सीटी मागितला असतात तरी मी फोन केलाच असता, कारण पोटाच्या सीटीत सगळ्यात वरच्या कापांमध्ये फुफ्फुसाचा तळ दिसतोच, आणि त्या काळात त्यांना असे पेशंट तिथेच सापडत होते. वरचं पोट का दुखत होतं त्याचंही उत्तर यातच मिळण्यासारखं होतं, खालच्या फुफ्फुसाला सूज आली की लगतचं आवरण आणि छाती-पोटामधला पडदा चिडतो आणि दुखणं पोटात जाणवतं. न्यूमोनियाच्या लहान मुलांना अपेंडिक्स समजून आणतात ते याचमुळे. स्वॅब दुसऱ्या दिवशी पॉझिटिव्ह आला.

श्वासाच्या व्हायरसने जुलाब कसे, हा प्रश्न काकांच्या मुलाने विचारला आणि बरोबरच विचारला. हा व्हायरस पेशीत शिरायला एसीई-2 नावाचा रिसेप्टर वापरतो, तो फुफ्फुसात असतो पण लहान आतड्याच्या आतल्या पेशींवर तर भरपूर असतो. म्हणजे आतड्यात त्याला दार आधीपासून उघडं आहे. अमेरिकेतला पहिला पेशंट, जानेवारी 2020, वॉशिंग्टन राज्यातला, त्यालाही अॅडमिट असताना पातळ शौच झालं आणि शौचाच्या नमुन्यात व्हायरसचा आरएनए (त्याचं जनुकीय द्रव्य) सापडला. चीनच्या हुबेई प्रांतातल्या 204 पेशंटच्या अभ्यासात जवळपास निम्म्यांना पचनाची काही ना काही तक्रार होती. त्यात मोठा वाटा भूक जाण्याचा होता हे मात्र लक्षात ठेवायला हवं, भूक वगळली तर आकडा खूप खाली येतो. पण त्याच अभ्यासात पोटाची तक्रार असलेले लोक दवाखान्यात उशिरा पोचले असंही दिसलं, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं, कारण पोट बिघडलं म्हणून कुणी फुफ्फुस तपासायला जात नाही. आणि हे काही नवीनही नव्हतं, 2003 मध्ये याच कुळातल्या सार्स व्हायरसच्या वेळी हाँगकाँगच्या अॅमॉय गार्डन्स वसाहतीत 300 च्या वर लोक आजारी पडले आणि त्यातल्या बऱ्याच जणांना जुलाब होते, तिथे सांडपाण्याच्या पाइपवर संशय गेला होता. 2009 च्या स्वाइन फ्लूमध्येही उलट्या-जुलाब नेहमीच्या फ्लूपेक्षा जास्त दिसले.

काकांची ट्रीटमेंट मात्र तारेवरची कसरत होती. जुलाबाने शरीर कोरडं पडलेलं, जीभ सुकलेली, नाडी 110, म्हणजे पाणी द्यायला हवं, पण सुजलेल्या फुफ्फुसात जास्तीचं पाणी गेलं तर ऑक्सिजन आणखी खाली. त्यामुळे सलाईन थोडं थोडं, दर वेळी लघवी, बीपी आणि श्वास बघून पुढचं, आणि तोंडाने ओआरएस घोट घोट. पोटॅशियम 2.9, जुलाबात गेलेलं. यात खरी भीती वेगळीच होती. त्या वेळी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन आणि अॅझिथ्रोमायसिन जवळजवळ सगळ्यांना सुरू व्हायचं (पुढे मोठ्या चाचण्यांमध्ये त्यांचा उपयोग दिसला नाही), ही दोन्ही औषधं ईसीजीतलं क्यूटी अंतर (ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ) वाढवतात, उलटीसाठी देतो ती ऑन्डान्सेट्रॉनही वाढवते, आणि पोटॅशियम कमी असलेल्या माणसात हे सगळं एकत्र दिलं तर हृदयाचा ठोका भलतीकडे जाऊ शकतो. त्यात अॅझिथ्रोमायसिनने जुलाब वाढतात ते वेगळंच. ईसीजी काढला, क्यूटी आधीच लांबलेलं. मी राउंडला सरांना स्पष्ट सांगितलं की सर, या पेशंटला ही जोडी नको, आधी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम भरून काढू. सर ईसीजी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले आणि मग हो म्हणाले.

ऑक्सिजन वाढावा म्हणून पालथं झोपवायचं तर मळमळ. पोटावर दाब आला की काकांना ओकारी यायची आणि ते पुन्हा उताणे व्हायचे. सिस्टरांनी मग वेळापत्रकच बसवलं, खाल्ल्यावर निदान एक तास बसायचं, मग आधी कुशीवर, आणि पोट शांत वाटलं तरच पालथं. खाणंही एकदम नाही, थोडं थोडं पण सारखं. जुलाब चौथ्या दिवशी थांबले, ऑक्सिजन सुटायला मात्र दहा दिवसांच्या वर गेले. व्हेंटिलेटर लागला नाही.

या सगळ्यात काकू दाराबाहेर बसून होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या मला काहीच नाही, फक्त दोन दिवस जेवण जात नाही, चवच लागत नाही. त्यांचाही स्वॅब घेतला, पॉझिटिव्ह. त्यांचं सॅच्युरेशन चांगलं होतं आणि शेवटपर्यंत चांगलंच राहिलं.

डिस्चार्जच्या वेळी मुलाने अजून एक विचारलं, बाबांचा घशाचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय पण शौचातून व्हायरस जातो म्हणतात, मग घरात एकच संडास आहे त्याचं काय? त्याला सांगितलं ते असं, घसा निगेटिव्ह झाल्यावरही काही जणांच्या शौचात आठवडेच्या आठवडे आरएनए सापडतो, पण आरएनए सापडला म्हणजे जिवंत, दुसऱ्याला लागणारा व्हायरस आहेच असं नाही. हा आजार पसरतो तो मुख्यतः श्वासातूनच. तरीपण झाकण असेल तर ते लावून फ्लश करा, खिडकी उघडी ठेवा, नळ आणि कडी पुसून घ्या, साबणाने हात धुवा.

दारातल्या फॉर्मवर त्याच आठवड्यात सिस्टरांनी पेनाने दोन ओळी वाढवल्या होत्या, एक उलटी-जुलाब-भूक आणि दुसरी सॅच्युरेशन, उत्तरं काहीही असली तरी भरायचीच. दर नवीन गठ्ठा आला की त्या बसून प्रत्येक कागदावर हाताने लिहायच्या. छापील फॉर्ममध्ये त्या ओळी यायला बराच वेळ गेला, पण तोपर्यंत फक्त जुलाबासाठी आलेल्या आणखी काही जणांना आम्ही दारातच ऑक्सिजन लावला होता.