लोकेशन तेवढं मागू नका, मालक! (माझा अनुभव)

सोलापूर परिसरात पक्षी बघणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. आधीच्या ॲडमिनची बदली झाली आणि जाता जाता त्यांनी तो माझ्या गळ्यात घातला. तेव्हा ग्रुपवर पक्षी कमी आणि 'शुभ सकाळ' जास्त. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आली की शुभेच्छांच्या गर्दीत हिप्परगा तलावावरची एखादी चांगली नोंद कुठल्या कुठे जायची.

हा पसारा आवरणं मात्र सोपं निघालं. गप्पांसाठी वेगळा ग्रुप काढला. मूळ ग्रुपवर काय दिसलं, कधी दिसलं आणि साधारण कुठे, एवढंच. 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' ही खूण दिसली की मेसेज उडवायचा, चर्चा नाही. २०२२ पासून ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांच्या फोनवरून काढता येतो. ही सोय नसती तर मी हे काम केव्हाच सोडलं असतं.

खरं दुखणं होतं लोकेशनचं. बार्शी रोडवर २०-२२ किलोमीटरवर नान्नज. माळढोक या दुर्मिळ पक्ष्यासाठीचं १९७९ सालचं अभयारण्य तिथलंच. आता माळढोक दिसणं म्हणजे नशिबाचा भाग, पण नाव निघालं तरी पुण्या-मुंबईचे लोक गाडी काढतात. माळावर लांडगे आहेत, काळवीट आहेत, जमिनीवर अंडी घालणारे चंडोल आणि टिटव्या आहेत. फोटो पडला की मिनिटाच्या आत खाली मेसेज: 'लोकेशन प्लीज'. लांडग्याच्या बिळापाशी चार गाड्या उभ्या राहिल्या तर मादी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते. त्या धावपळीत पिल्लं दगावू शकतात. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी विचारायचं काही थांबत नाही.

मग नियम ठरवला: घरटं, अंडी, बीळ यांचे फोटो नाहीत, आणि नाजूक प्रजातींसाठी तालुक्यापलीकडे ठिकाण सांगायचं नाही. यात आमचं डोकं फार नव्हतं. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर संवेदनशील प्रजातींच्या नोंदींचा तपशील झाकलेला असतो आणि आयनॅचरलिस्ट हे सगळ्याच जीवांच्या नोंदींचं संकेतस्थळ धोक्यातल्या प्रजातींचं नेमकं ठिकाण मुद्दाम धूसर करतं. एक बारकावा मात्र पोरांना पुन्हा पुन्हा सांगावा लागला. व्हॉट्सॲपवर फोटो 'फोटो' म्हणून पाठवला तर त्यातली ठिकाणाची माहिती गळून पडते. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला आणि कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल, तर अक्षांश-रेखांशासकट सगळं पोचतं.

नियमाला सगळ्यांनी अंगठ्याची इमोजी टाकून होकार दिला. मग आमच्यातल्या सगळ्यात नावाजलेल्या फोटोग्राफरनी चंडोलाच्या घरट्याचा फोटो टाकला. फोटो देखणाच होता. पण मोठा करून बघितल्यावर दिसलं, घरट्याच्या एका बाजूचं गवत पार आडवं केलेलं, काही काड्या मुळासकट उपटलेल्या. चंडोल घरटं गवताच्या ठोंबाला टेकवून करतो, त्याला आडोसा तेवढाच. तोच काढला की वरून कावळ्याला अंडी दिसतात. खाली 'अप्रतिम सर', 'जबरदस्त मालक' सुरू झालेलं.

मी तो फोटो ग्रुपवरून उडवला आणि तिथे एक अक्षरही न लिहिता त्यांना फोन लावला.

"मालक, फोटो एक नंबर आहे. पण नियमात बसत नाही, म्हणून काढलाय."

"मी माळ तुडवत होतो तेव्हा तू चड्डीत होतास बे. मला शिकवतोस का?"

"तुमच्याकडूनच शिकलोय. उद्या एखाद्या पोरानं असाच टाकला तर त्याला कुठल्या तोंडानं सांगू?"

फोन आपटला. रात्री ते ग्रुपमधून बाहेर पडले, पाठोपाठ आणखी काही जण गेले. 'मोठ्या माणसाशी असं वागतात का', हे मला घरी येऊन ऐकवणारेही निघाले. बाहेर पडलेल्यांनी पुढे स्वतःचा ग्रुप काढला. तिथे आमच्यापेक्षा सरस फोटो येतात, हे मान्य. पण माझं मत पक्कं झालंय: नियम लावायचा तर आधी ज्याचा दबदबा आहे त्याला लावायचा. नवख्याला झापून नियम बसत नाही, नवखा फक्त गप्प होतो.

हे गप्प बसलेले लोक मग हळूहळू बोलायला लागले. पूर्व भागातल्या एका कॉलेजच्या मुलीनं धूसर फोटो टाकून विचारलं, 'ही घार आहे का?' पूर्वी यावर हसण्याच्या इमोजी पडल्या असत्या. आता चूक सांगणाऱ्यानं कारणही सांगायचं, अशी रीत आहे. एकानं लिहिलं, 'घारीची शेपटी टोकाला दुभंगलेली असते, हिची नाही. कमरेवर पांढरा पट्टा बघ. भोवत्याची मादी आहे ही.' भोवत्या हाही घारीसारखा शिकारी पक्षी, पण हा नेमका कुठला भोवत्या, यावर मग जाणत्यांचीच जुंपली. पांढुरका की माँटेग्यूचा, हे मादीवरून ओळखताना भल्याभल्यांना घाम फुटतो. त्या पोरीला कळलं, इथे सगळेच अडखळतात. ती आता कंबर तलावावरच्या नोंदी नेमानं टाकते.

एकट्यानं हे चालत नाही, पण दुसरा ॲडमिन मिळेना. 'कुणी काहीबाही टाकलं आणि पोलीस केस झाली तर?' हा एकच प्रश्न. मग मी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल शोधून दाखवला. आधीपासून संगनमत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला दोषी धरता येत नाही, असं त्यात म्हटलंय. त्यावर दोघी तयार झाल्या, एक शिक्षिका आणि एक बँकेतल्या ताई. आता हंगाम बदलला की सूत्रं बदलतात. माझी पाळी नसते तेव्हा ग्रुप म्यूट करून मी निवांत बघायला जातो. ॲडमिन झाल्यापासून माझंच पक्षी बघणं बंद पडलं होतं!

सध्याचं भांडण एआयचं आहे. फोटो धारदार करताना सॉफ्टवेअर नसलेली पिसं रेखाटतं आणि मग ओळख पटवायची कशावरून? म्हणून काहींचं म्हणणं, मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून टाकाच. आणि डॉक्युमेंट म्हटलं की लोकेशन आलंच. ताईंनी तोडगा काढलाय: मूळ फाइल फक्त त्या हंगामाच्या ॲडमिनला पाठवायची, ॲडमिननं ती बघून पुसायची. काही मंडळींना हा अविश्वास वाटतो. येत्या रविवारी हिप्परग्यावर जमणार आहोत, तिथे बसूनच ठरवू. लिहून भांडायला लागलो की रात्रीचे दोन वाजतात.